कॉपी_टू_यूजर बिनसलं की आधी काय लावावं: एसट्रेस, स्पार्स की कासान?

लिनक्स कर्नलसाठी लिहिलेलं मॉड्यूल लोड होतं, डीमेसेगमध्ये (कर्नलच्या नोंदींमध्ये) 'कॉपी झाली' असं उमटतं आणि टर्मिनलवर कॅट, म्हणजे फाइल वाचून दाखवणारी कमांड, काहीच न दाखवता संपतं. पहिल्या कॅरेक्टर ड्रायव्हरच्या वेळी मी दोन संध्याकाळी नुसते प्रिंटके (कर्नलमधून संदेश छापणाऱ्या ओळी) टाकत बसलो होतो. शेवटी एसट्रेस लावला; प्रोग्रॅम कर्नलला कोणते सिस्टिम कॉल करतो आणि काय परत मिळतं ते तो दाखवतो. एकाच ओळीत कळलं: रीडने 131072 बाइट मागितले, मिळालं 0. कॉपी_टू_यूजर हे कर्नलमधला डेटा युजर प्रोग्रॅमच्या मेमरीत नेणारं फंक्शन; ते परत देतं ती कॉपी न झालेल्या बाइटची संख्या, म्हणजे सगळं सुरळीत झालं तर 0. तोच आकडा मी रीडमधून जसाच्या तसा पुढे पाठवला होता, आणि कॅटच्या लेखी 0 म्हणजे फाइल संपली.

म्हणून माझा पहिला कौल एसट्रेसला. कर्नल पुन्हा बिल्ड करावा लागत नाही. पत्ता चुकला आणि ड्रायव्हरने तो नीट कळवला, तर ईफॉल्ट (चुकीच्या पत्त्याची त्रुटी) समोर दिसतो. पण सिस्टिम कॉलच्या आत काय बिघडलं ते त्याला दिसत नाही.

तिथे कासान लागतो, म्हणजे कर्नलच्या मेमरीतल्या चुका पकडणारा तपासनीस. समजा केमॅलॉकने (कर्नलमध्ये मेमरी मागणाऱ्या फंक्शनने) 20 बाइट घेतले आणि युजरने पाठवलेले 30 बाइट लांबी न तपासता कॉपी_फ्रॉम_यूजरने (उलट दिशेच्या कॉपीने) त्यात ओतले. कर्नल 4.8 पासून असलेली हार्डन्ड यूजरकॉपी ही अशा कॉपीची तपासणी इथे गप्प राहते, कारण स्लॅबमधला (ठराविक मापाच्या तुकड्यांच्या साठ्यातला) तुकडा 32 बाइटचा आहे आणि 30 त्यात मावतात. मागितलेल्या 20 बाइटची मर्यादा ओलांडल्याचं कासान पकडतो आणि कॉल ट्रेससकट ओळ दाखवतो. त्याची किंमत मोठी आहे: कर्नल नव्याने बिल्ड करायचा, दर 8 बाइटमागे 1 बाइट हिशेबाला द्यायचा आणि वेग घटलेला सोसायचा. रोजच्या मशीनवर नको, क्यूईएमयूमध्ये (मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) वेगळा कर्नल ठेवा.

स्पार्स कोड न चालवताच तपासतो; त्याबद्दल फार विचार करू नका. मेक करताना सी=1 द्या; युजरचा पॉइंटर थेट वापरला असेल, तर मॉड्यूल चालवण्याआधीच इशारा मिळतो. पॉइंटर युजरचा आहे हे सांगणारी यूजर ही खूण कोडमध्ये लावायची राहिली असेल, तर मात्र त्याच्या इशाऱ्यांवर विसंबता येत नाही.

स्पिनलॉक हे असं कुलूप, की ते धरून झोपायला (थांबून वाट पाहायला) मनाई असते, आणि पान मेमरीत नसेल तर कॉपीला झोपावं लागू शकतं. स्पिनलॉक धरून केलेली कॉपी यातल्या एकालाही सापडत नाही. पान मेमरीत असेल तोवर ती बिनबोभाट चालते, त्यामुळे चाचणीत दिसतही नाही. त्याच क्यूईएमयू कर्नलमध्ये डीबग_ॲटॉमिक_स्लीप हा कर्नल बिल्डचा पर्याय चालू ठेवा. पान असो वा नसो, तो पहिल्याच कॉपीला डीमेसेगमध्ये तक्रार नोंदवतो.