घर विकायचंय, पैसे मोजके: रिकामं दाखवावं, आवरून, की सजवून?

घर विकायला काढलं की किमतीच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतोच: आहे तसंच दाखवायचं, की थोडे पैसे घालून सजवायचं? हात आखडता असेल तर समोर साधारण चार वाटा असतात. घर पूर्ण रिकामं करून दाखवणं, आपलंच सामान कमी करून नीट मांडणं, भाड्याने फर्निचर आणणं, किंवा रिकाम्या खोल्यांच्या फोटोंत संगणकावर सोफे-पलंग बसवणं.

यातली एखादी निवडण्याआधी सजावटीकडून किती अपेक्षा ठेवायची ते पाहू. अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स या घरविक्री एजंटांच्या संघटनेच्या 2023 च्या पाहणीत, खरेदीदारांसाठी काम करणाऱ्या 81 टक्के एजंटांनी सांगितलं, की सजवलेलं घर पाहताना ‘इथे आपण राहू’ असं चित्र गिऱ्हाइकाला सहज डोळ्यांसमोर आणता येतं. हे एजंटांचं मत. जर्नल ऑफ हाउसिंग रिसर्चमध्ये 2015 साली आलेल्या एका प्रयोगात मात्र 800 हून अधिक खरेदीदारांना एकच घर वेगवेगळ्या रंगांच्या भिंती आणि वेगवेगळं फर्निचर घालून दाखवलं होतं. घर राहायला कसं वाटतं याबद्दलचं त्यांचं मत बदललं, पण ते देऊ करत असलेली किंमत फारशी हलली नाही. माझ्या मते दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सजावट माणसं दारापर्यंत आणते, त्यांना घरात जरा जास्त वेळ रेंगाळायला लावते. भाव चढवेलच असं नाही. म्हणून सजावटीसाठी उसने पैसे कधीही घेऊ नयेत.

रिकामं की राहतं?

रिकामं घर झाडायला, रंगवायला, दाखवायला सोपं. पण रिकाम्या खोलीचा अंदाज माणसाला लागत नाही. मापाला काहीच समोर नसतं, त्यामुळे पलंग ठेवल्यावर चालायला जागा उरेल का, हे कळत नाही. शिवाय बघण्यासारखं दुसरं काही नसल्याने नजर थेट खिळ्यांच्या भोकांवर, कपाटामागच्या डागांवर आणि फरशीच्या चिरेवर जाते. बोललं की आवाज घुमतो, तोही घराला परकं करतो.

राहत्या घराची अडचण नेमकी उलटी. मापं कळतात, पण पाहुण्यासारखं संकोचून बघावं लागतं. भिंतीवर कुटुंबाचे फोटो, फ्रिजवर चिठ्ठ्या, दारामागे लटकलेले कपडे. हे सगळं ‘हे दुसऱ्याचं घर आहे’ असंच सांगत राहतं.

कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक पडतो तो राहतं घर हलकं करून. माझा ठोकताळा असा: एक तृतीयांश सामान बाहेर. पुढेमागे बांधाबांध करायचीच आहे, ती आधी केली इतकंच. सामान माळ्यावर किंवा बाल्कनीत कोंबू नका, कारण घेणारा तिथे बघणारच. भिंतीतली कपाटंसुद्धा तो उघडतो. अर्धं रिकामं कपाट ‘इथे जागा पुरते’ हे न बोलता सांगतं. ठासून भरलेलं कपाट त्याच्या उलट. दारातून खिडकीपर्यंतची वाट मोकळी ठेवा, पलंगाला शक्य तर दोन्ही बाजूंनी जाता यावं, आणि प्रत्येक खोलीला एकच काम द्या. इस्त्री, व्यायामाची सायकल आणि अभ्यासाचं टेबल एकत्र नांदणारी खोली लहानच वाटते.

भाड्याचं फर्निचर की संगणकावरचं?

हा प्रश्न घर आधीच रिकामं असेल तरच येतो. भाड्याच्या फर्निचरची मेख अशी, की भाडं दर महिन्याला जातं आणि विक्रीची तारीख आपल्या हातात नसते. घ्यायचंच असेल तर मुदत आधी ठरवा आणि सगळं घर भरू नका. वर सांगितलेल्याच पाहणीत, कुठल्या खोल्या सजवणं सर्वात महत्त्वाचं यावर 39 टक्क्यांनी दिवाणखाना, 36 टक्क्यांनी मुख्य शयनगृह आणि 30 टक्क्यांनी स्वयंपाकघर सांगितलं. पहिल्या दोन खोल्या पुरेत. फर्निचर बुटकं, उघड्या पायांचं घ्या. खालची फरशी दिसली की खोली मोठी वाटते.

संगणकावरची सजावट सगळ्यात स्वस्त, आणि फोटोपुरती चांगलीही. पण फोटोतला उबदार हॉल पाहून आलेल्या माणसाला दार उघडताच चार उघड्या भिंती दिसल्या, तर त्याचा हिरमोड होतो. त्यामुळे फोटोखाली तसं स्पष्ट लिहा आणि मूळ फोटो शेजारी ठेवा. त्यातून भेगा, ओल किंवा खिडकीसमोरचा खांब पुसून टाकू नका. ती सजावट नाही, फसवणूक आहे.

दुरुस्ती, दिवे की रंग?

मला विचाराल तर याच क्रमाने. गळका नळ, न लागणारी कडी, फुटकं स्विचबोर्ड दुरुस्त करायला थोडक्यात भागतं, पण घेणारा मनात त्याच्या कितीतरी पट रक्कम वजा करतो. ‘हे एवढंही केलं नाही, तर आत काय काय असेल?’ ही शंका त्याच्या डोक्यात राहते.

मग दिवे. 2700 ते 3000 केल्विनचा (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या छटेचं माप) प्रकाश पिवळसर, 6500 चा निळसर पांढरा. दोन्ही एकाच खोलीत असले की डोळ्यालाही खटकतात आणि फोटोत तर भिंतीचे अर्धे भाग पिवळे, अर्धे निळे दिसतात. बैठकीत आणि झोपायच्या खोलीत उबदार, स्वयंपाकघरात 4000 च्या आसपास घ्या. मात्र एका खोलीत एकच.

रंग शेवटी, कारण तो खर्च झपाट्याने वाढतो. सगळं घर रंगवणं परवडत नसेल तर वाईट दिसणारी भिंत निवडा, पण ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण रंगवा. जुना रंग उतरलेला असतो, मधेच हात मारला की ठिगळ दिसतं. मॅट रंग भिंतीचे उंचवटे झाकतो, चकचकीत रंग ते उठून दाखवतो. ओलीवर मात्र रंग लावूच नका. पाणी मुरत राहिलं की क्षार बाहेर येतात, रंग पोपड्यांसकट सुटतो, आणि एकच कोपरा ताजा रंगवलेला दिसला की जाणकाराला संशय येतोच. पाणी कुठून येतंय ते आधी थांबवा, भिंत वाळू द्या. ते जमणार नसेल तर सरळ सांगा आणि किमतीत धरा.

न्हाणीघरात टाइल्स बदलण्यापेक्षा सांध्यांमध्ये भरलेलं, काळं पडलेलं सिलिकॉन खरवडून नवं भरणं कितीतरी स्वस्त. त्यानंतर 24 तास पाणी लागू देऊ नये. स्वयंपाकघरातल्या कपाटांना नव्या मुठी लावायच्या तर आधी दोन भोकांमधलं अंतर मोजा. ते बहुधा 96 किंवा 128 मिलिमीटर असतं. मापाच्या मुठी मिळाल्या तर नवी भोकं पाडावी लागत नाहीत.

वासासाठी सुगंधी फवारा की उघड्या खिडक्या? खिडक्या. आपल्या नाकाला आपल्या घराचा वास कळेनासा झालेला असतो, म्हणून बाहेरच्या कुणाला तरी विचारा. उग्र सुगंधाने काहीतरी दडवल्यासारखं वाटतं.

उशा-कुंड्यांवर खर्च करायचा की छायाचित्रकारावर, असा पेच पडला तर छायाचित्रकार बोलवा, कारण घर आधी फोटोतच पाहिलं जातं. तेही जमत नसेल तर फोन छातीच्या उंचीवर धरा, भिंतींच्या कडा सरळ उभ्या येऊ द्या, दिवसा पडदे उघडून काढा. फोनची सगळ्यात रुंद लेन्स टाळा. तिच्यात खोली लांबलचक दिसते आणि प्रत्यक्षात आलेला माणूस नाराज होतो.

घर इतकं जुनं असेल की घेणारा तोडफोड करूनच राहायला येणार, तर यातलं जवळपास काहीच करू नका. झाडून घ्या, प्रत्येक खोलीत एक दिवा चालू ठेवा, आणि मापांसह नकाशाची प्रत हातात द्या.