कॉइलमागे ४५ टर्न: उद्यमबागेतलं रिवाइंडिंगचं दुकान

बेळगावात उद्यमबागेत माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. ५ एचपीची थ्री फेज मोटर दुसरीकडून भरून (म्हणजे आतली तांब्याची वायर नव्याने गुंडाळून, रिवाइंडिंग करून) आणली, तेव्हापासून तासाभरात बॉडीला चटका बसायचा. शेवटी फाउंड्रीमागच्या बोळातल्या या दुकानात नेली.

मिस्त्रींनी कॉइल कापून टर्न (वायरचे वेढे) मोजले, मग जुनी वही काढली. याच कंपनीच्या, याच मापाच्या मोटरला कॉइलमागे ४५ टर्नची नोंद होती. माझ्या मोटरमध्ये ४० निघाले. "तांबं वाचवलंय मालक, लोखंड तापणारच."

मला लगेच विद्युत अभियंता चार्ल्स स्टाइनमेट्झ आठवला. डिप्लोमात त्याचं नाव सूत्रापुरतं यायचं, चरित्र मी नंतर वाचलं. जन्म १८६५, ब्रेस्लाऊ (तेव्हाचं जर्मन शहर). पाठीला कुबड, उंची जेमतेम चार फूट. समाजवादी म्हणून पोलीस मागे लागले, देश सोडावा लागला. १८८९ मध्ये न्यूयॉर्कला उतरला तर जवळ पैसे नाहीत, इंग्रजी येत नाही. अधिकारी परत धाडायलाच निघाले होते. सोबतच्या मित्राने हमी घेतली म्हणून आत घेतलं. त्याच माणसाच्या नावावर पुढे सुमारे २०० पेटंट! न्यूयॉर्कजवळ योंकर्सला कारखानदार आयकेमायर यांच्याकडे (तेही जर्मनीतूनच आलेले) नोकरी करताना मोटरचं लोखंड किती तापेल याचा हिशेब त्याने बसवला. चुंबकीय घनता वाढली की हिस्टेरिसिसचा तोटा (लोखंडाचं चुंबकत्व सतत उलटसुलट होताना उष्णतेत वाया जाणारी वीज) तिच्या १.६ व्या घाताने वाढतो, हे त्याने १८९२ मध्ये मांडलं. माझ्या मोटरला लावून बघा: व्होल्टेज तेच असताना टर्न कमी झाले की घनता त्याच प्रमाणात वाढते. ४५ ऐवजी ४० टर्न, म्हणजे घनता साडेबारा टक्क्यांनी वाढली आणि तोटा सुमारे २१ टक्क्यांनी. पाच टर्नच्या तांब्यासाठी!

इथे जुनी वायर काढायला स्टेटर (मोटरचा न फिरणारा, पातळ लोखंडी पत्र्यांचा भाग) पेटवून देत नाहीत. तसं केलं की पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळतं आणि मोटर कायमची तापट होते. खाचेत लेदरॉइड पेपर (इन्सुलेशनचा जाड कागद), वर बांबूची पट्टी, मग वार्निश. पूर्ण सुकल्याशिवाय मोटर हातात देत नाहीत. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून आणि बिनलोड अँपिअर (मोटर रिकामी फिरताना घेते तो करंट) मोजून आपल्यासमोर दाखवतात. आता दिवसभर लेथ चालला तरी बॉडीवर हात ठेवता येतो.

दर बाजारापेक्षा थोडा चढा आहे, मला तो पटला. उन्हाळ्यात खानापूर, हुक्केरीकडच्या शेतीपंपांची रांग लागते, तेव्हा वेळ धरूनच जा. नेमप्लेट पुसली असेल तर आधीच्या भरणीचा कागद सोबत न्या. मिस्त्री तो पहिला मागतात.