नागपुरात रिसेल फ्लॅट आणि किंमत न सांगणारे ब्रोकर: काही महिन्यांचा अनुभव

आधी निष्कर्ष सांगते, बाकीचं मग. जो ब्रोकर किंमत सांगत नाही त्याच्या मागे फिरायचं नाही. त्या बिल्डिंगमधले मागचे व्यवहार कितीला रजिस्टर झाले ते सरकारी साईटवर फुकटात दिसतं, ते काढायचं आणि मगच फोन करायचा. उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत आम्ही त्रिमूर्तीनगर, खामला, नरेंद्रनगर, मानेवाडा ह्या पट्ट्यात टू बीएचके शोधत होतो आणि ह्या एका गोष्टीने सगळा शोध बदलला, म्हणून एवढं सविस्तर लिहून राहिली आहे.

सुरुवातीला सगळीकडे एकच तऱ्हा. पोर्टलवर फोटो सुंदर, किमतीच्या जागी "प्राइस ऑन रिक्वेस्ट", आणि जिथे आकडा टाकलेला असतो तिथे फोन केला की "ताई ती किंमत जुनी आहे". मग ठरलेली उत्तरं. "आधी फ्लॅट तर बघा, आवडला तर बसून बोलू." "मालकासोबत बैठक लावून देतो." आणि सगळ्यात जास्त वेळा, "तुमचं बजेट सांगा ना." हे बजेटचं नीट लक्षात घ्या, कारण तुम्ही ५० लाख म्हणालात की त्या दिवशी दाखवतील ते प्रत्येक घर ५०-५२ चंच निघतं. खामल्यातला एक फ्लॅट आम्हाला एकाने ५४ लाख सांगितला, त्याला आम्ही बजेट ५५ सांगितलं होतं. तोच फ्लॅट दुसऱ्याने, ज्याला बजेटचा ब शब्द सांगितला नव्हता, ४९ ला सांगितला. फोटोत हॉलमधला निळ्या टाइल्सचा देव्हारा होता त्यावरून ओळखला, नाहीतर कळलंही नसतं.

पण खरी गोष्ट कळली ती त्रिमूर्तीनगरच्या एका घरात. ब्रोकरने बरेच आढेवेढे घेऊन ५२ लाख सांगितले होते. आम्ही बघायला गेलो तर तो खालीच फोनवर बोलत राहिला, आम्ही वर गेलो, काकूंनी चहा ठेवला, काका गॅलरीतून दिसणारं कडुनिंबाचं झाड दाखवत होते आणि बोलता बोलता काकूंनी साधेपणाने विचारलं, "४६ जास्त वाटून राहिले का हो तुम्हाला?" मी आणि आमचे हे एकमेकांकडे बघतच राहिलो. झालं असं होतं की ब्रोकरने काकांना विचारलं होतं, "काका तुमच्या हातात किती पाहिजे ते सांगा, वरचं मी बघतो." काकांना वाटलं वरचं म्हणजे त्याची ब्रोकरेज. इथे वरचं म्हणजे सहा लाख, आणि शिवाय आमच्याकडून दोन टक्के वेगळे मागितलेले. मला आमच्यापेक्षा काकांचं जास्त वाईट वाटलं, आयुष्यभर नोकरी करून घेतलेलं घर आणि त्याची किंमत त्यांनाच माहीत नाही. आम्ही तिथेच त्यांना सांगून टाकलं की आम्हाला ५२ सांगितले आहेत. घर आम्ही घेतलं नाही, तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, सासूबाईंचे गुडघे चालत नाहीत.

ब्रोकर लोकांची बाजूही मी ऐकली आहे. गिऱ्हाईक परस्पर मालकाला गाठतं, दुसरा ब्रोकर लिस्टिंग पळवतो, महिनाभर फिरवून शेवटी हातात काही नाही. हे खरं आहे आणि त्यांची मेहनत मला मान्य आहे. पण त्यासाठी पत्ता लपवा, फ्लॅट नंबर लपवा, मालकाचं नाव लपवा, कोणी काही म्हणणार नाही. किंमत लपवून ब्रोकरेज वाचत नाही, फक्त मालकाचा आकडा आणि आपला आकडा ह्यांच्यातली जागा वाचते. हे एकदा डोक्यात बसलं की फोनवरच माणूस ओळखता येतो.

आता त्या साईटबद्दल. नोंदणी व मुद्रांक विभागाची, लोक आयजीआर म्हणतात ती, त्यात ई-सर्चमध्ये विनाशुल्क सेवा आहे. जिल्हा, तालुका, गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकला की त्या क्रमांकावरचे दस्त येतात आणि प्रत्येकाची सूची क्रमांक २, म्हणजे इंडेक्स टू, उघडता येते. त्यात मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, देणारा-घेणारा, तारीख सगळं मराठीत. आपल्याकडे अडचण एवढीच की तिथे मनीषनगर, ओंकारनगर असं टाकून चालत नाही, मौजा, म्हणजे महसुली गावाचं नाव लागतं, सोमलवाडा, बेसा, हुडकेश्वर, वाठोडा असा, आणि खसरा (जमिनीचा सर्व्हे) नंबर किंवा प्लॉट नंबर. तो ब्रोकरला विचारायची गरज नाही, टॅक्स पावतीवर किंवा कोणाच्याही जुन्या विक्रीपत्रावर असतो, बिल्डिंगमधल्या एखाद्या शेजाऱ्याला विचारलं तरी चालतं. कॅप्चा पहिल्यांदा बरोबर टाकला तरी पुन्हा मागतो, वैतागू नका. दिवसा साईट रडत चालते, रात्री जेवणं झाल्यावर बसा. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असलं तर १०.७६ ने गुणा, आणि ते कार्पेट (भिंतींच्या आतलं) आहे की बिल्टअप (भिंतींसकट) ते नक्की वाचा, नाहीतर फुटाचा भाव चुकतो.

ह्या आकड्याला अंतिम सत्य समजू नका. ज्याने काही रक्कम रोखीत दिली त्याच्या इंडेक्स टूवर मोबदला कमी दिसतो आणि बऱ्याचदा रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी दरपत्रकाच्या बाजारभावाला चिकटून असतो. दोन-तीन वर्षांचे तीन-चार दस्त बघितले की अंदाज येतो, खालची पातळी कळते. काकांच्या बिल्डिंगमध्ये आदल्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरचा तेवढाच फ्लॅट ४१ ला रजिस्टर झालेला होता, म्हणजे काकांचे ४६ बोलण्यासारखे होते, ५२ नव्हते.

ह्यानंतर आम्ही फोन बंद केले आणि सगळ्यांना एकच मेसेज पाठवायला लागलो: "नमस्कार, मालकाची अपेक्षित किंमत, कार्पेट एरिया, मजला, बांधकामाचं वर्ष, पार्किंग आणि तुमची ब्रोकरेज एवढं लिहून पाठवा, मग बघायला येऊ." बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही, काहींनी फोन करून तेच जुनं सुरू केलं, एकाने तर "असं घर भेटत नसते ताई" म्हणून ऐकवलं. पण ज्यांनी लिहून पाठवलं त्यांच्याबरोबर पुढे एकदाही वाद झाला नाही. मानेवाड्याकडचे एक दादा, त्यांनी पहिल्याच मेसेजमध्ये आकडा, एक टक्का ब्रोकरेज आणि अपार्टमेंट डीड, म्हणजे फ्लॅटच्या मालकीचा दस्त, झालेलं आहे की नाही हेसुद्धा लिहिलं, मी इंडेक्स टू दाखवली तर म्हणाले बरोबर आहे, पण ह्या फ्लॅटला कव्हर्ड पार्किंग आहे त्याला नव्हतं, ते धरा. असं मोकळं बोलणारा माणूस भेटला की भावही मोकळेपणाने करता येतो. घर त्यांच्याकडूनच घेतलं, ब्रोकरेज चेकने दिली, पावती घेतली.

नवीन स्कीममध्येही किंमत लपवतातच, तिथे बेस रेट सांगून पार्किंग, फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचे जास्तीचे पैसे), मीटरचे चार्जेस मागून लावतात, त्यामुळे सगळं धरून किती हे लिहून मागा. बांधकाम सुरू असलं तर साध्या फ्लॅटला जीएसटी ५ टक्के, परवडणाऱ्या घराला १, ऑक्युपन्सी (राहायला देण्याचा दाखला) मिळाल्यावर विकला तर नाही. जाहिरातीवर महारेराचा, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा क्यूआर कोड ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचा आहे, तो स्कॅन करून किती फ्लॅट विकले गेले ते बघा, "शेवटचे दोनच उरले" हे तिथेच तपासता येतं. १० टक्क्यांच्या वर रक्कम रजिस्टर्ड ॲग्रीमेंटशिवाय बिल्डरला घेता येत नाही.

आणि टोकन. किंमत न सांगता "आधी लाखभर कॅश देऊन ठेवा, मालकाला बांधून घेतो" म्हणणारेही भेटले. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याच्या वर रोखीने ॲडव्हान्स घेणं इन्कम टॅक्सला चालत नाही, एवढं सांगितलं की बहुतेक गप्प होतात. टोकन मालकाच्या खात्यात, इसारचिठ्ठीवर पूर्ण किंमत लिहून, मगच.

आता जाऊबाईंसाठी बेसा-पिपळ्याकडे प्लॉट बघून राहिलो. तिथे फुटाचा भाव लगेच सांगतात, पण आरएल (रिलीज लेटर, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं सरकारी पत्र) आलं का, त्यासाठीची डिमांड, म्हणजे सरकारी शुल्क, भरली का, हे विचारल्याशिवाय कोणी तोंडातून काढत नाही, आणि त्या एका कागदाने भावात मोठा फरक पडतो. मेसेज तोच ठेवला आहे, फक्त मजला काढून तिथे आरएलची प्रत मागते.