गोठ्यातली माळ आणि आयएसआयचा शिक्का

नाताळच्या आठवड्यात ठाण्यातल्या जांभळी नाक्यावर पाय ठेवायला जागा नसते. मला एकच लांब माळ हवी होती, अर्धी घरातल्या गोठ्याला, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याला, आणि अर्धी बाल्कनीच्या ग्रिलला पुरेल अशी. एका टेबलवाल्याने खोका उलटा करून दाखवला, "ताई, हे बघा, आयएसआय. पावसात भिजली तरी काही होणार नाही." 900 सांगून 700 ला दिली. बिल मागितलं तर म्हणाला, "जीएसटी लागेल, कशाला उगाच?" मीही मान डोलावली आणि फोनवरून पैसे पाठवले. घासाघीस केल्याचा आनंद वेगळाच!

चरईतली आमची इमारत जुनी. 23 तारखेला संध्याकाळी सासूबाईंनी बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घातलं आणि ओल्या हाताने ग्रिल धरली. किंचाळून मागे पडल्या. हात बधिर झाला, बाकी काही झालं नाही, देवाची कृपा. एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच, पडला नव्हता. मी धावत जाऊन प्लग काढला. मग गोठ्यात हात घातला, तर गवताखाली लपवलेला माळेचा कंट्रोलर हात लावता येणार नाही इतका तापला होता. आजूबाजूचं सुकं गवत तपकिरी पडलेलं. तो डबा दिसू नये म्हणून मीच गवतात खुपसला होता, हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनने डबा उघडला. आत ना ट्रान्सफॉर्मर, ना फ्यूज. दिवा तीन-साडेतीन व्होल्टचा, पण सगळे एकामागोमाग जोडलेले आणि माळ थेट 230 व्होल्टवर. एका ठिकाणी वायरचं आवरण निघून तांब्याची तार ग्रिलला टेकली होती. एमसीबी ओव्हरलोड किंवा शॉर्ट सर्किट झालं तरच पडतो. माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याला कळत नाही, त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, लागतो. आमच्याकडे नव्हता. आता बसवलाय.

मग खोका नीट बघितला. खऱ्या आयएसआय चिन्हाच्या वर आयएस क्रमांक आणि खाली सीएम/एल पुढे परवाना क्रमांक असतो. माझ्या खोक्यावर नुसतं चिन्ह, आकडा एकही नाही. त्यात गंमत अशी की एलईडीच्या माळांना आयएसआय लागतच नाही. त्यांच्यावर बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) नोंदणीचं वेगळं चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा क्रमांक हवा. म्हणजे त्याने शिक्कासुद्धा चुकीचा छापला होता, आणि मी त्याच शिक्क्यावर भाळले! बीआयएस केअर ॲपवर दोन्ही प्रकारचे क्रमांक तपासता येतात, दुकानासमोर उभं राहूनच. दोन मिनिटं लागतात.

त्याच संध्याकाळी, चर्चमध्ये मिस्सेला जायच्या आधी, पुन्हा नाक्यावर गेले. टेबल तिथेच, माणूस दुसरा. "आमचा माल नाही. बिल दाखवा." पैसे गेले होते ते नाव कुणा भलत्याचंच निघालं.

1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. खोक्याचे, उघड्या कंट्रोलरचे फोटो आणि फोनमधली पैसे पाठवल्याची नोंद जोडली. अजून उत्तर नाही. माळ पुराव्यासाठी ठेवलीय, पण प्लग कापून. आमच्या घरात कोण कधी काय उचलून लावेल सांगता येत नाही.