सिरॅमिक हीटर आणि थर्मोस्टॅट: सात महिन्यांनंतर, मुख्यतः रबरी चकतीबद्दल

कासवाच्या पेटीसाठी 100 वॅटचा सिरॅमिक हीटर आणि त्याचा थर्मोस्टॅट ऑक्टोबरात घेतला. वायर किती लांब, बटणं कुठे, हे सगळ्यांनी लिहून झालंय. मला लिहायचंय ते थर्मोस्टॅटचा तापमान मोजणारा सेन्सर पेटीच्या काचेला चिकटवायच्या त्या रबरी चकतीबद्दल.

आम्ही इंग्लंडात, रीडिंगला राहतो. घरात एक हॉर्सफील्ड कासव आहे, नाव आप्पा. 1968 साली सोव्हिएत झोंड-5 यानातून याच जातीची दोन कासवं चंद्राला वळसा घालून जिवंत परत आली होती. आमच्या आप्पांना मात्र मागच्या खोलीतला गारठा सोसला नाही. दोष माझाच. वीज वाचवायला मी रात्री त्यांचा उबेचा दिवा बंद करायचो.

नाकाला बुडबुडे, मान ताणून उघड्या तोंडाने श्वास, आणि प्रत्येक श्वासाबरोबर पुढचे पाय आत-बाहेर. आम्ही आठवडाभर 'सर्दी आहे' म्हणत बसलो. कासवाला आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा) नसतं, कफ खोकून बाहेर टाकता येत नाही. तो आतच साचतो आणि न्यूमोनियापर्यंत जातो.

डॉक्टरीणबाईंनी दर तीन दिवसांनी सेफ्टाझिडिम या प्रतिजैविकाचं इंजेक्शन सांगितलं. तेही पुढच्याच पायात, कारण मागच्या पायातलं रक्त आधी मूत्रपिंडाकडे जाऊ शकतं. शिवाय रोज कोमट पाण्यात बसवायचं आणि सलाइनचं नेब्युलायझर. आईने साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर ओव्याची धुरी सुचवली. "आई, त्यांना धूर चालत नाही." "मग तुला कसा चालायचा रे?" विषय संपला. पण बाईंनी एक गोष्ट दोनदा बजावली: अंग गार राहिलं तर औषध नीट काम करत नाही, रात्रीसुद्धा 25 अंशांच्या खाली नको. म्हणून हा हीटर.

पहिला आठवडा झकास. उजेड नाही, त्यामुळे आप्पांची झोप मोडत नाही. मग एका रात्री चकती सुटली. सेन्सर गार कोपऱ्यात पडला, थर्मोस्टॅटला वाटलं थंडी वाजतेय, आणि हीटर रात्रभर चालू राहिला. सकाळी दुसऱ्या टोकाला 38 अंश, आणि आप्पा पाण्याच्या ताटलीत जाऊन बसलेले! आजारी जिवाला हा ताप कशापायी? दहा पेन्सच्या रबरापायी. कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, चकती हा झिजणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही. आठवड्याभरात काय झिजतं हो? अकरा ईमेल झाले. तेव्हाच इथे एक तारा देऊन मोकळा झालो होतो.

तो आता मागे घेतो. सात इंजेक्शनं होऊनही नाक वाहतच होतं. ऊब कमी पडतेय असं धरून मी कंपनीला बारावा ईमेल लिहायला घेतला होता, तेवढ्यात स्वॅबचा रिपोर्ट आला: मायकोप्लाझ्मा. या जंतूला पेशीभित्तिकाच नसते, आणि सेफ्टाझिडिम घाव घालतं ते नेमकं त्या भित्तिकेवर. नसलेल्या भिंतीवर आम्ही तीन आठवडे हातोडा मारत होतो. औषध बदललं आणि फेब्रुवारीत नाक कोरडं झालं. हीटर बिचारा आपलं काम करत होता.

हा जंतू अंगात दबा धरून राहू शकतो, गारठा लागला की पुन्हा डोकं काढतो. म्हणून जोडीला दुसरं कासव आणायचं नाही आणि यंदाची शीतनिद्राही रद्द. हीटर आता कायमचा. प्लगला मीटर लावून पाहिलं: महिन्याला 40 युनिट, 25 पेन्सने दहा पाउंड. पहिल्या तपासणीत एक्स-रे आणि स्वॅब धरून जे गेलं, त्यात तीन वर्षांची वीज आली असती. हे बायकोने वहीत लिहून ठेवलंय, मी नाही.

सेन्सर आता पेटीच्या लाकडाला भोक पाडून केबल टायने बांधलाय, आप्पांच्या पाठीच्या उंचीवर. शेजारी वेगळा थर्मामीटर. त्यानंतर एकदाही गडबड नाही. चार तारे. पाचवा चकतीने खाल्ला.

मार्चमध्ये कंपनीने पाकिटातून दोन नव्या चकत्या पाठवल्या, टपालखर्चच जास्त झाला असेल. दोन्ही फ्रिजवर लावून बघितल्या. एक दुसऱ्याच दिवशी पडली. दुसरी अजून टिकून आहे, तिच्या खाचेत आप्पांच्या वजनाचा कागद खोचलाय: ऑक्टोबर 548 ग्रॅम, काल 612.