शून्य दाखवणारा पडदा: मुक्कामाच्या गाडीतला कार्बन मोनॉक्साइड अलार्म, काही महिन्यांच्या वापरानंतर

बदलून आलेले दुसरे यंत्रही पहिल्यासारखेच, शेगडी बंद असताना आणि भर दुपारी कोकलू लागले, तेव्हा हा अनुभव सविस्तर लिहायचे ठरवले. वीज, नळ आणि मोबाइलची रेंज यांपैकी काहीच नसलेल्या सार्वजनिक वनजमिनीवर, जिथे परवानगी असते तिथे, गाडीत किंवा तंबूत मुक्काम करणाऱ्याला हा अलार्म कशासाठी लागतो, हे वाचकांना ठाऊक असेलच. जळण अर्धवट झाले की सुटणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, गरगरणे ही त्याची लक्षणे दिवसभराच्या चढणीने आणि उन्हानेही होतात, त्यामुळे दमलेला माणूस ती अंगावर काढून झोपी जातो.

यंत्राच्या आवाजाबद्दल तक्रार नाही. झोपलेल्याला उठवील इतका तो कर्कश आहे. माझी तक्रार पडद्याबद्दल आहे. आकडा दाखवणारे मॉडेल मी मुद्दाम जास्त पैसे मोजून घेतले, आणि तो पडदा जवळजवळ सर्वकाळ शून्य दाखवतो. हवा तितकी स्वच्छ असते म्हणून नव्हे. हे यंत्र ज्या अमेरिकी मानकानुसार बनले आहे, त्या यूएल २०३४ मध्ये ३० पीपीएमखालचा (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वायूचे किती भाग) आकडा नेहमीच्या वापरात पडद्यावर येऊ द्यायचा नाही, असाच नियम आहे. म्हणजे गाडीतल्या हवेत २५ पीपीएम असले, तरी मी विकत घेतलेला पडदा मला शून्य सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने घरातील हवेसाठी २०१० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक मर्यादेत आठ तासांची सरासरी घनमीटरला १० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ९ पीपीएम, इतकी आहे. आठ तास म्हणजे एका रात्रीची झोप. जी पातळी रात्रभर नसावी असे तज्ज्ञ म्हणतात, ती या यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नाही.

पहिले काही आठवडे मी याला शुद्ध फसवणूक म्हणत होतो. पुढे मानकाची माहिती वाचल्यावर त्या शब्दाची धार थोडी कमी करावी लागली. १९९४ मध्ये शिकागो शहरात असे अलार्म सक्तीचे झाले आणि त्याच हिवाळ्यात, थंड हवेच्या थराखाली शहराचा धूर साचून राहिल्यावर, अग्निशमन दलाकडे हजारो हाका गेल्या. त्यांतल्या बहुतेक घरांत जीवघेणे काही नव्हते. लोक कंटाळून अलार्म काढून टाकतील, ही भीती खरी होती, म्हणून नियम बदलून यंत्रांना संयम शिकवण्यात आला. आता ७० पीपीएमला अलार्म एक ते चार तासांच्या दरम्यान वाजतो, १५० ला दहा ते पन्नास मिनिटांत आणि ४०० ला चार ते पंधरा मिनिटांत. रक्तात वायू किती मुरला असेल, याचा अंदाज या वेळांमागे आहे, आणि शहरातल्या निरोगी माणसासाठी तो हिशेब योग्य आहे.

पण हा सगळा हिशेब हाकेच्या अंतरावर मदत आहे असे गृहीत धरतो. साध्या हवेत श्वास घेत राहिल्यास रक्तात मुरलेला वायू निम्मा व्हायला चार ते पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन मिळाला तर साधारण दीड तास किंवा त्याहून कमी. कच्च्या रस्त्याच्या शेवटी तंबू ठोकलेल्या माणसाजवळ ऑक्सिजन नसतो, आणि भोवंडलेल्या अवस्थेत गाडी चालवणे हा दुसरा अपघात ठरू शकतो. अशा ठिकाणी १५ पीपीएमचा आकडा दिसला असता, तर मी खिडकी दोन बोटे अधिक उघडली असती आणि विषय तिथेच संपला असता. कमी पातळीही दाखवणारी वेगळी यंत्रे बाजारात आहेत, पण ती महाग आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी या मानकात न बसल्यामुळे त्यांच्यावर ते प्रमाणचिन्ह नसते. काटकसरी माणसाने दोन्ही घ्यावीत, अशी ही रचना मला मुळीच पसंत नाही.

आता दुपारच्या कोकलण्याविषयी. ग्राहक सेवा केंद्राचे पहिले उत्तर ‘रीसेट करा’ असे होते, दुसरे ‘सॅनिटायझर किंवा स्प्रे वापरला असेल’ असे. दुसऱ्या उत्तरात तथ्य आहे, कारण अल्कोहोलच्या वाफेने अलार्ममधले वायू ओळखणारे संवेदक खरोखर फसतात. मात्र त्या दुपारी गाडीत त्यातले काहीच नव्हते. भरपूर पत्रव्यवहारानंतर यंत्र बदलून मिळाले आणि तेही वाजले. या अलार्ममध्ये विद्युत-रासायनिक संवेदक असतो, आणि तो हायड्रोजनलाही कमीअधिक प्रमाणात प्रतिसाद देतो, ही गोष्ट केंद्रातल्या कोणीही सांगितली नाही. माझ्या झोपण्याच्या फळीखाली लेड-ॲसिड बॅटरी आहे आणि ती छतावरच्या सोलर पॅनेलवर भरते. कडक उन्हात चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनेलकडून बॅटरीला जाणारी वीज आवरणारे उपकरण, बिघडून बॅटरीला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देत होता, बॅटरीतून हायड्रोजन सुटत होता, आणि अलार्म नेमका तेव्हाच वाजत होता. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की एक ठिणगी पुरते. मी तितक्या जवळ गेलो होतो असा दावा करत नाही, परंतु ज्या यंत्राला सदोष ठरवून मी परत पाठवले, त्याने जे काम त्याचे नव्हतेच तेही केले होते. कंट्रोलर बदलला, बॅटरीच्या खोक्याला बाहेर उघडणारी नळी लावली, आणि दुपारचा आवाज थांबला. यंत्राबद्दलचे माझे मत त्यामुळे पुष्कळच सुधारले. सेवा केंद्राबद्दलचे जिथे होते तिथेच आहे, कारण पुस्तिकेत एक ओळ छापली असती तरी हा सगळा पत्रव्यवहार टळला असता.

खरा कार्बन मोनॉक्साइडही या यंत्राने एकदा पकडला. पावसामुळे गाडीचे दार लावून मोठ्या पातेल्यात पाणी तापत ठेवले होते. गार, रुंद पातेले ज्योतीवर दाबून बसले की ज्योत थंड पडते, जळण अर्धवट होते आणि वायू वाढतो. ज्योत पिवळी दिसू लागली तर हेच चालले आहे असे समजावे. पडदा शून्यावरून थेट चाळिशीच्या पुढे गेला. मधले आकडे पाहता आले असते तर पातेले कितीतरी आधी उतरवले असते, हे पुन्हा सांगितल्यावाचून राहवत नाही. विझल्यासारखे दिसणारे निखारे आत आणून ठेवणे याहून वाईट, कारण ज्वाळा नसलेला कोळसाच हा वायू जास्त सोडतो, आणि ओल्या कापडाच्या तंबूतून हवा कमी खेळते. जनरेटरचा धूर वाऱ्याची दिशा फिरताच दाराशी येतो, म्हणून तो दूर असावाच, आणि त्याचे तोंड आपल्याकडे नसावे.

यंत्र जमिनीलगतच लावावे, असा एक समज ऐकू येतो. या वायूची घनता हवेच्या जवळपास असल्याने तो सगळीकडे मिसळतो. झोपलेल्याच्या डोक्याच्या उंचीला, पण खिडकीच्या झोतापासून बाजूला लावलेले बरे. थंडीत अल्कलाइन सेल लवकर मान टाकतात आणि पहाटे बॅटरी संपल्याची टुकटुक सुरू होते. पुस्तिका परवानगी देत असेल तर लिथियम एए सेल वापरावेत. चाचणीचे बटण दाबल्यावर बझर आणि सर्किट तपासले जाते, संवेदक तपासला जात नाही. त्यामुळे खोक्यावरची मुदत संपली की आवाज ठणठणीत असला तरी यंत्र बदलावे लागते. हा खर्च मला खटकतो, पण त्याला पर्याय नाही.

विकत घेणाऱ्याने खोक्यावरचे मानक वाचावे. युरोपीय ईएन ५०२९१ चा पहिला भाग घरांसाठी आणि दुसरा मुक्कामाच्या गाड्या व नौकांसाठी आहे, आणि धक्के खाणाऱ्या गाडीसाठी हा दुसरा भागच हवा. पाचपैकी मी चार तारे देत आहे. उरलेला एक तारा, कमी पातळीचे आकडे दाखवण्याची सोय मालकाच्या मर्जीने चालू करता येईल असे मॉडेल ही कंपनी आणील, त्या दिवशी देईन. तशी लेखी मागणी तिच्याकडे केली आहे आणि ‘आपला अभिप्राय नोंदवला’ एवढे उत्तर आले आहे.