मिरजेत मामांचे शेक झाले, त्या रेडिएशन विभागाबद्दल

माझे मामा तासगावकडचे, द्राक्षबाग आहे, तंबाखू-चुना तरुणपणापासून. गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर निघाला, ऑपरेशन दुसरीकडे झालं आणि नंतरचे शेक मिरजेत या विभागात घेतले. प्लॅन ६० ग्रेचा (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक), रोज २ ग्रे, आठवड्यातले ५ दिवस, म्हणजे ३० शेक आणि ६ आठवडे. मी कॉलेजात बायोलॉजी शिकवते, त्यामुळे प्रश्न विचारायची सवय आहे आणि इथे मी भरपूर विचारले. एकदाही कुणी "तुम्हाला काय करायचंय" असं म्हटलं नाही, या रिव्ह्यूचं मुख्य कारण तेच आहे.

आधी दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. किडके दात शेक सुरू व्हायच्या आधीच काढायचे, कारण नंतर जबड्याचं हाड नीट भरून येत नाही, हे मामांना समोर बसवून सांगितलं. मग मास्क. गरम पाण्यात मऊ केलेली जाळीची शीट चेहऱ्यावर दाबतात, ती थंड झाली की कडक होते, आणि रोज तोच मास्क लावून टेबलाला क्लिपा मारतात म्हणजे मान हलत नाही. मामा पहिल्यांदा घाबरले, तर टेक्निशियन पोरीने "मामा, हात वर केला की मी लगेच आत येते, कॅमेऱ्यात दिसताय तुम्ही" असं म्हणून आधी नुसतंच झोपवून दाखवलं, मशीन चालू न करता. शेजारच्या खुर्चीवर अथणीकडची एक आजी होती, तिच्याशी तीच पोरगी कन्नडमधून बोलत होती. मिरजेत हे लागतंच, निम्मे पेशंट सीमेपलीकडचे असतात.

आता मला खरं सांगायचंय ते. शेक सुरू झाल्यावर पाहुण्यांपैकी एकाने एक महागडं चूर्ण आणलं. पुडीवर "पेशींची चिकटण्याची शक्ती तोडते, रेडिएशन दुप्पट काम करतं" असं काहीतरी छापलेलं. मामांना वाटलं घ्यावं, मामींना वाटलं घ्यावंच. मला त्यातला अर्धा शब्द ओळखीचा, म्हणून जास्तच काळजी वाटली, कारण पेशींच्या चिकटण्यावर खरंच संशोधन आहे आणि कुणीतरी त्याचाच धागा पकडून पुडी विकत होतं. मी ती पुडी घेऊन सरळ डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर हसले नाहीत की रागावले नाहीत. बाहेर ओपीडी भरलेली असताना त्यांनी कागद ओढला आणि मामांना आधी सांगितलं, की वेल मांडवाच्या तारेला धरून असते तशी पेशी तिच्या आजूबाजूच्या जाळीला धरून असते, आणि धरणारं जे प्रोटीन आहे त्याला इंटिग्रिन म्हणतात. मग माझ्याकडे वळून पुढचं. इंटिग्रिन नुसतं धरत नाही, धरलंय हा निरोप आत पोचवतं, आणि तो निरोप असेपर्यंत पेशी मार खाऊनही जगायचा प्रयत्न करते. जर्मनीत ड्रेस्डेनला निल्स कॉर्डेस नावाचे रेडिओबायोलॉजिस्ट, म्हणजे रेडिएशनचा पेशींवर काय परिणाम होतो ते अभ्यासणारे, वर्षानुवर्षं याच गोष्टीवर काम करतायत. नुसत्या प्लास्टिकवर वाढवलेल्या पेशी आणि शरीरासारख्या जाळीत वाढवलेल्या पेशी, दोघींना सारखंच रेडिएशन दिलं तरी जाळीतल्या जास्त तग धरतात. २०१२ मध्ये त्यांच्या ग्रुपने डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या पेशींवर काम केलं, म्हणजे मामांच्या आजाराच्याच घराण्यातल्या, त्यात बीटा-१ नावाच्या प्रकारचं इंटिग्रिन अँटीबॉडीने अडवल्यावर बहुतेक प्रकारच्या पेशींवर रेडिएशनचा परिणाम वाढला, उंदरांमधल्या गाठींवरही.

मी लगेच विचारलं, मग हे औषध पेशंटला का देत नाही? इथे डॉक्टरांबद्दल माझा आदर दुप्पट झाला. त्यांनी सिलेंजिटाइडची गोष्ट सांगितली. इंटिग्रिन अडवणारंच औषध, प्रकार वेगळा, ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरमध्ये रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाच्या जोडीला देऊन ५४५ पेशंटवर ट्रायल झाली, २०१४ मध्ये निकाल आला, आणि औषध घेतलेल्या व न घेतलेल्या दोन्ही गटांत निम्मे पेशंट जिथपर्यंत जगले तो काळ सारखाच, २६.३ महिने. एवढ्या चांगल्या कल्पनेचं, एवढ्या पैशाचं काम, आणि फरक शून्य. "प्रयोगशाळेत दिसतं म्हणून पेशंटला द्यायचं नसतं, आणि या पुडीवर तर प्रयोगशाळेतलंही काही नाही," असं ते मामांना म्हणाले. आणि मग, "तुमच्या हातात जे आहे ते एकच, ३० शेक खाडा न करता पूर्ण करा, मधे गॅप पडला की राहिलेल्या पेशी तेवढ्या वेळात वाढतात."

मामांनी पुडी तिथेच टेबलावर ठेवली. "आता कळलं बघ," एवढंच म्हणाले. कुणी ओरडलं असतं तर त्यांनी घरी जाऊन चोरून घेतलंच असतं, मी ओळखते त्यांना.

आणि खाडा होऊ नये याची काळजी विभागाने स्वतः घेतली. मधे मशीन बंद पडलं, तर सकाळी तासगावहून निघायच्या आधी फोन आला, आणि राहिलेला शेक शनिवारी बोलावून भरून काढला. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड आलं. तेही आधी सांगून ठेवलं होतं, की तोंडाच्या अस्तरातल्या तळाच्या पेशींवर शेकाचा मार बसतो, वरचा थर झिजतो आणि खालून नवा वेळेवर येत नाही, म्हणून फोड. मीठ-सोड्याच्या गुळण्या, तिखट बंद, नाचणीची आंबील, दूध, पातळ वरण. दर आठवड्याला वजन करायचे आणि उतरलं की आहारवाल्या मॅडम मामींनाच झापायच्या, प्रेमाने. मामींना ते आवडलं, कारण घरी त्यांचं कुणी ऐकत नव्हतं.

आता खटकलेलं. वेटिंग हॉल फार लहान आहे, उन्हाळ्यात दुपारी पेशंट आणि सोबतचे लोक घामाघूम होतात, ज्यांच्या तोंडात फोड आहेत त्यांना बसायला आधी जागा मिळायला पाहिजे, ती मिळत नाही. पिण्याच्या पाण्याचा कूलर बऱ्याचदा बंद. बोर्ड सगळे इंग्रजीत, मराठी-कन्नड दोन्ही हवेत. आणि डॉक्टरांच्या तपासणीच्या दिवशी बिलिंगच्या खिडकीवर जो वेळ जातो तो अजिबात पटण्यासारखा नाही, आत माणसं इतकी चांगली आहेत आणि बाहेर एका शिक्क्यासाठी आजारी माणसाला उभं करतात. मी हे लेखी दिलंय.

जाणार असाल तर रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा मूळ रिपोर्ट पहिल्याच दिवशी न्या, महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला तेच लागतं. रेल्वेने मिरज जंक्शनला येत असाल तर कॅन्सर पेशंटला सवलत आहे, फॉर्मवर डॉक्टरांची सही-शिक्का घ्या. सकाळी लांबून येणाऱ्यांची गर्दी असते, जवळचे असाल तर दुपारनंतरची वेळ मागा, देतात.